पळोन गेली

शाल अर्धी खांद्यावर आणि अर्धी खुर्चीच्या पाठीवर लोंबत असतानाच शशिकला पिंपळापुरे यांनी माईक स्वतःकडे ओढला, आणि मंडळाचे सचिव सुधाकरराव जागच्या जागी दचकले. कार्यपत्रिकेत सत्कारमूर्तींचे भाषण नव्हते. सत्कारमूर्तींनी शाल घ्यायची, नारळ घ्यायचा, फोटोपुरते हसायचे आणि उजव्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरायचे, अशी जवाहर चौकाजवळच्या या हॉलची वहिवाट आहे.

समोर भोपाळचे मराठी जग नेहमीच्या क्रमाने बसले होते. पहिल्या रांगेत निवृत्त अधिकारी. दुसऱ्या रांगेत त्यांच्याही आधी निवृत्त झालेले, आणि पहिली रांग न मिळाल्यामुळे रागावलेले अधिकारी. तिसऱ्या रांगेपासून बायका. दाराजवळ, चहाची किटली कधी हलते हे न बघता कळणारे चारपाच जण. शशिकलाबाईंचे यजमान मनोहरराव या शेवटच्या गटातले. ते मात्र आज किटलीकडे पाठ करून उभे होते. बायको काय बोलणार आहे हे हॉलमध्ये त्यांना एकट्यालाच माहीत होते.

प्रकाशन होते ‘झारीचा माग’ या कादंबरीचे. लेखक कौस्तुभ भोपाळातच वाढलेला. वडील कारखान्यात इंजिनियर होते, मुलगा पुण्याला जाऊन लेखक झाला. कादंबरी दीडशे वर्षांपूर्वीच्या सावळखेड जहागिरीतली. वाड्यातून रुप्याची झारी नाहीशी होते, तिच्याबरोबर मथुरा नावाची स्वयंपाकीण नाहीशी होते, आणि छडा लावते चंद्रावळ नावाची एक जगावेगळी विधवा. ही चंद्रावळ फेटा बांधते, घोड्यावर बसते, बुद्धिबळात दिवाणाला हरवते आणि विचार करताना गुडगुडी ओढते. मुखपृष्ठावर ती डोळे बारीक करून बघत होती. कंबर तर फारच बारीक होती.

या चंद्रावळीला कादंबरीत जे जे सुचते, त्यातले निम्मे प्रत्यक्षात शशिकलाबाईंना सुचले होते, तेही गुडघ्याला पट्टा बांधून आणि डब्यातले गार थालीपीठ खाता खाता. कौस्तुभने हे नाकारले नव्हते. आतल्या पानावर त्याने छापले होते : ‘भोपाळच्या मोडीवाल्या काकूंना’. काकूंना नाव असते, हे तपासायला बहुधा वेळ मिळाला नसावा.

बाई एका सरकारी कागदपत्रांच्या कचेरीत मोडी वाचायच्या कामावर होत्या. वडील छप्पन साली सचिवालयाबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि संध्याकाळी मुलीला मोडी गिरवायला बसवत. इतर मुली भरतकाम शिकल्या. हिला त्या लिपीवर सव्विसाव्या वर्षी नोकरी लागली. काम असे, की जुने मराठी पत्र वाचायचे आणि सूचीसाठी त्याचा एका ओळीत हिंदी सारांश लिहायचा. एक पत्र, एक ओळ. छत्तीस वर्षांत बाईंनी अशा किती ओळी लिहिल्या हे कचेरीला ठाऊक नाही, पण सूचीचे सात छापील खंड आहेत आणि सातांपैकी एकावरही त्यांचे नाव नाही. याचा त्यांना राग नव्हता. राग दुसऱ्याच गोष्टीचा होता, आणि तो आधी स्वतःवरच होता.

गेल्या वर्षी कौस्तुभ तीन महिने रोज कचेरीत येऊन बसला. बाई वाचत, तो लॅपटॉपवर टिपत असे. त्याला सगळ्यात आवडली ती दुसऱ्या खंडातली, त्यांनीच नोकरीच्या पहिल्या वर्षी लिहिलेली ओळ : ‘रसोइन मथुराबाई का चाँदी की झारी लेकर भाग जाना।’ बस्स, यातच कादंबरी आहे, असे तो म्हणाला आणि खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. बाईंनाही बरे वाटले. खरे सांगायचे तर ती मथुरा त्यांची जुनी आवडती होती. लग्नानंतरची पहिली काही वर्षे, सासूबाई, दीर, नणंदा आणि बाग सेवनियाच्या दोन खोल्या असा संसार असताना, पोळ्या लाटता लाटता त्यांना ही बाई दिसत असे : पदर खोचलेला, काखेत झारी, नर्मदेच्या वाळूतून पळत निघालेली. पाठीमागे कोणी नाही. त्या चित्रावर त्यांनी बऱ्याच पोळ्या लाटल्या.

कौस्तुभ पुण्याला परतल्यावर त्याचा फोन आला, की काकू, दिवाळीनंतर वाड्यात पंगतीला काय काय वाढायचे ते कुठे मिळेल का, जरा वातावरण हवे आहे. बाईंनी त्याच वर्षीचा वाड्याचा रोजनामा मागवला; दुरुस्तीला गेलेला तो गठ्ठा हाती यायला काही महिने लागले. कोठीवरचा कारकून चोख माणूस होता. काय आले, कोठे गेले, सगळे लिही. त्यात कार्तिक वद्य एकादशीला त्याने लिहिले होते, की बागेतून केळीची सुरळीतली पाने आणविली, कोठीमागील खोलीत पाठविली, सोबत तूप.

बाईंचे बोट तिथे थांबले. एकादशीला पंगत कसली? आणि पंगतीला कोणी सुरळीतली पाने घेते का? पंगतीला उमललेले, रुंद पान लागते. अजून उलगडले नाही असे, आतल्या सुरळीचे लुसलुशीत पान वाढायला घेतले तर वरणाने फाटेल. ते पान एकाच कामाला लागते. सत्तरच्या दशकात त्यांची धाकटी मावशी स्टोव्हने पोळली, तेव्हा आजी गल्लीगल्लीतून अशीच पाने मागत फिरली होती. पोळलेल्या माणसाला अंथरुणावर घालता येत नाही, कापड चिकटते. तूप लावून केळीच्या कोवळ्या पानावर निजवतात.

त्यांनी पान उलटले. द्वादशीला सुरळीतली पाने. त्रयोदशीला पाने. चतुर्दशीला पाने. अमावास्येला पाने नाहीत. त्या दिवशी गोवऱ्यांची एक गाडी, नदीवर. प्रतिपदेस काशीबाई स्वयंपाकास नवी ठेविली.

मथुराबाईच्या ‘पळण्या’चे पत्र दशमीचे होते.

मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत. कागदभर आधी आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे लटकवत जायचे. वाचणारा जिथे तोडेल तिथे शब्द. दशमीच्या त्या पत्राची वरची ओळ फाटली होती आणि कधीकाळी कोणीतरी तिच्यावर डिंकाने कागदाची पट्टी चिकटवली होती. अठ्ठ्याऐंशी साली बाईंनी पट्टीखालून जेवढे दिसले तेवढे वाचले : ‘मथुराबाई स्वयंपाकीण पळोन गेली.’ पुढचे वाक्य स्वच्छ होते : ‘रुप्याची झारी सापडत नाही.’ दोन वाक्ये. ती ‘लेकर’ या शब्दाने जोडली कोणी? सव्वीस वर्षांच्या शशिकलेने. सारांश एका ओळीत बसवायचा होता.

आता मात्र कागदाची डागडुजी झाली होती आणि पट्टी निघाली होती. बाईंनी तो खिडकीशी नेला. ‘प’वर मात्रा होती. मात्रेला जोडून काना. पळोन नव्हे. पोळोन.

मथुराबाई स्वयंपाकीण पोळोन गेली.

त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ त्यांना काहीच वाचता आले नाही. मग एकेक गोष्ट सुचू लागली आणि प्रत्येकीबरोबर संताप वाढत गेला. ज्या कारकुनाने माळ्याच्या फेऱ्या लिहिल्या, तूप लिहिले, गोवऱ्या लिहिल्या, त्याने वैद्य कोठेच लिहिला नव्हता. म्हणजे वैद्य आलाच नव्हता. महिन्याच्या आत वाड्यातल्या घोड्याचा पाय मुरगळला, तर उज्जैनहून माणूस आणल्याची नोंद होती. बाई पोळली आणि लगेच पुढच्या वाक्यात धन्याला काय कळवायचे, तर झारी सापडत नाही. आणि या सगळ्यावर छत्तीस वर्षे शिक्का कुणाचा? ‘भाग जाना.’ बाई घरात दिसत नाही म्हणजे पळाली, हे मला कोणी शिकवले होते, असे त्यांनी त्या संध्याकाळी मनोहररावांना विचारले. मनोहररावांनी जन्मभर बायकोची थट्टा केली होती. त्या दिवशी ते फक्त म्हणाले, “तू चहा घे आधी.”

कौस्तुभला त्यांनी दुसऱ्याच दिवशी फोन लावला. त्याने ऐकून घेतले. मुलगा वाईट नव्हता. मध्येच त्याने हळहळल्याचा आवाजही काढला. मग म्हणाला की पुस्तक छपाईला गेले आहे. आणि नसते गेले तरी अडचणच होती.

“काकू, ती पोळली तर गोष्टच संपली ना. मग चंद्रावळनं शोधायचं काय?”

“ती कशी पोळली ते,” बाई म्हणाल्या.

कौस्तुभ म्हणाला की हे फार डार्क होईल, वाचकाला पेलणार नाही. आणि शेवटी ती कादंबरी आहे, इतिहास नव्हे. शिवाय शेवटच्या पानावर आधार म्हणून सूचीचा खंड दोन, ओळ अमुक, असे त्याने रीतसर दिलेले आहेच. बाईंना वाटले, हा मुलगा एका हाताने कादंबरी म्हणतो आणि दुसऱ्या हाताने माझीच चूक पुरावा म्हणून लावतो. त्यांनी फोन ठेवला, आणि कादंबरी भोपाळला येण्याची वाट पाहिली.

ती आली, आणि माईक त्यांच्या हातात होता.

“मला दोनच मिनिटं हवीत,” शशिकलाबाई म्हणाल्या. “या पुस्तकात मथुराबाई झारी घेऊन एका शिलेदाराबरोबर पळून जाते. कौस्तुभनं ते माझ्या ओळीवरून लिहिलं. ती ओळ चुकीची आहे. ती पळाली नाही. ती पोळली, चार दिवस केळीच्या पानांवर पडून होती आणि अवसेला गेली. तिच्यासाठी वैद्य बोलावला नाही. झारी कोणी नेली मला ठाऊक नाही, पण तिनं नेली नाही. ज्यांनी पुस्तक घेतलंय त्यांनी एवढं लक्षात ठेवून वाचावं.”

पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाटले हे कादंबरीतलेच काहीतरी वाचून दाखवले. कौस्तुभ खाली बघत होता. सुधाकररावांनी मात्र पंचवीस वर्षे सूत्रसंचालन केले होते. त्यांनी दुसरा माईक उचलला आणि हसत म्हणाले, “बघा, ताईंनी उत्सुकता आणखी वाढवली. पळाली की पोळली, हे जाणून घ्यायला पुस्तक घ्याच. बाहेर टेबलावर आहे.”

लोक हसले. टाळ्या वाजल्या, चांगल्या मोकळ्या टाळ्या. शशिकलाबाईंचे कान तापले. शाल खुर्चीवर तशीच ठेवून त्या उजव्या बाजूच्या पायऱ्यांनी खाली उतरल्या.

टेबलावरच्या प्रती त्या दिवशी सगळ्या खपल्या, असे नंतर कळले.

चहाच्या वेळी शेजारच्या शोभाताई जवळ आल्या. त्या बायकांच्या रांगेत सगळ्यात कमी बोलणाऱ्या. पस्तीस वर्षे एकाच घरात पाच जणांचा डबा बांधलेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “शशीताई, एक म्हणू? पळालीच असती तर बरं झालं असतं हो.”

“मलाही तसंच वाटायचं,” शशिकलाबाई म्हणाल्या. शोभाताईंनी बशीतला वडा तसाच ठेवला. दिवसभरात मथुराबाईसाठी कोणी काही सोडले असेल तर तेवढेच.

सोमवारी बाई लो-फ्लोअर बसने कचेरीत गेल्या. शुक्रवार त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस होता. सूची आता संगणकावर चढली होती आणि दुरुस्तीची चावी सक्सेना साहेबांकडे असे. साहेब सभ्य होते. बाईंना नेहमी बसायला सांगत. बाईंनी पत्राचा फोटो, रोजनाम्याची पाने आणि हाताने लिहिलेली टिपणी पुढे ठेवली. साहेबांनी टिपणी वाचली, तीही दोनदा. मग म्हणाले की पळोन आणि पोळोन, त्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

“सर, देखने में सारखेच असतात, इसीलिए तो मैं थी यहाँ,” बाई म्हणाल्या. रागात त्यांची हिंदी-मराठी एक होत असे.

साहेब हसले, पण त्यात कुत्सितपणा नव्हता. त्यांनी समजावून सांगितले. छत्तीस वर्षे कोणी हरकत घेतली नाही. आता त्या ओळीवर एक पुस्तक निघाले, पेपरात आले. अशा वेळी कचेरीने आपणच आपली ओळ खोटी म्हणायची? आणि लिहिणाराच कर्मचारी हरकत घेतो म्हटल्यावर वर विचारतील, की मग बाकीच्या ओळींचे काय? सगळे खंड उघडावे लागतील. जाता जाता ही फाइल कशाला. शिवाय नियमाने कर्मचाऱ्याला आपल्याच कामावर हरकत लावता येत नाही. हरकत बाहेरून यावी लागते.

“बाहर से कौन लाएगा सर, उस बेचारी के लिए?”

“वही तो मैं कह रहा हूँ, मैडम,” साहेब म्हणाले. “कोई नहीं लाएगा।” आणि त्यांनी टिपणी नीट, कोपरे जुळवून परत दिली.

खरे तर उत्तर तिथेच होते, आणि ते साहेबांनीच दिले होते. बाईंना ते परतीच्या बसमध्ये, दहा नंबर स्टॉपच्या पुढे लक्षात आले. त्या एकट्याच हसल्या असाव्यात, कारण शेजारची मुलगी कानातले इयरफोन काढून बघू लागली.

शुक्रवारी निरोपसमारंभ झाला. समोसे आले, गुलाबजाम आले, साहेब चांगले बोलले. त्यांनी बाईंना कचेरीचा चालताबोलता कोश म्हटले आणि कोशातल्या एका शब्दाबद्दल काहीच म्हटले नाही. मनोहरराव न्यायला आले होते. हार गाडीच्या हँडलला अडकवत ते म्हणाले, “आता सोमवारपासून काय?” बाई म्हणाल्या, “सोमवारी मला इथंच सोडायचं आहे.” त्यांनी वळून पाहिले आणि गाडी सुरू केली. एका आयुष्यात थट्टा कुठे थांबवायची हे त्यांनाही शेवटी कळले होते.

सोमवारी अकरा वाजता शशिकला पिंपळापुरे त्याच कचेरीत खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत तिसऱ्या उभ्या होत्या. पुढे एकजण जमिनीचे नकाशे मागत होता, दुसरा आजोबांचा सेवाकाळ शोधत होता. खिडकीत नवा कारकून होता; त्याने बाईंना ओळखले नाही, किंवा ओळखून न ओळखल्यासारखे केले. ‘अभिलेख सूची में त्रुटि पर आपत्ति’ असा अर्ज असतो, हे बाईंना छत्तीस वर्षे माहीत होते. भरलेला त्यांनी एकही पाहिला नव्हता. कारकुनाने खालच्या खणातून एक काढला. कडा पिवळ्या पडल्या होत्या.

त्यांनी उभ्या उभ्या भरला. अर्जदार, पत्ता, खंड, ओळ. त्रुटि : ‘भाग जाना’ और ‘झारी लेकर’, दोनों असत्य. सही पाठ : ‘जल जाना’. त्रुटि किसकी : इथे त्यांनी स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. आधार म्हणून सहा पाने जोडली, प्रत्येकावर सही केली. शेवटी एक रकाना उरला.

कारकुनाने अर्ज फिरवून घेतला, वरून खाली वाचला आणि त्या रकान्याशी थांबला. “मैडम, ये ‘संबंधित व्यक्ति से रिश्ता’ में आपने क्या लिखा है? इसमें पति, पुत्र, पोता, ऐसा कुछ आता है।”

“उसका कोई दर्ज नहीं है।”

“तो खाली छोड़ दीजिए।”

“नहीं,” बाई म्हणाल्या. “खाली नहीं छोड़ना है।”

मागे उभ्या असलेल्या माणसाने घड्याळ पाहिले. कारकुनाने थोडा विचार केला. नकार द्यायलाही एखादा नियम लागतो, आणि तो त्याला सापडत नव्हता. त्याने आवक क्रमांक टाकला आणि शिक्का मारला. शिक्क्याची कड त्या रकान्यावर आली, तरी त्यातला एक शब्द स्वच्छ वाचता येत होता : पाठक. म्हणजे वाचणारी.

पावती घेऊन शशिकलाबाई एका बाजूला झाल्या आणि मागच्या माणसाला खिडकी मोकळी करून दिली.